जुन्या सेडान मोटारींसाठी इंधनाची प्रत आणि नियमित देखभाल : एक विवेचन

प्रस्तावना

आपल्याकडील कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर दृष्टी टाकली असता पंधरा-वीस वर्षे वयाच्या काही सेडान मोटारी हमखास आढळतात. १९९४ मध्ये आलेली मारुती एस्टीम, १९९८ मधील होंडा सिटी, १९९९ मधील ह्युंदाई अ‍ॅक्सेंट व फोर्ड आयकॉन या मोटारींनी मध्यमवर्गीय कुटुंबाला 'डिकीवाली गाडी' दिली. त्यांतील अनेक मोटारी आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. वेतन अनिश्चित असणाऱ्या तासिका तत्त्वावरील अध्यापकापासून निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापकापर्यंत अनेकांच्या दृष्टीने जुनी मोटार ही हौस नसून गरज असते. नवीन मोटारीचे हप्ते परवडत नाहीत आणि जुनी मोटार विकावयास काढली, तर तिचे मोल येत नाही. अशा वेळी आहे ती मोटार सुरक्षितपणे आणि किफायतशीरपणे चालविणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

परंतु या मोटारी ज्या पेट्रोलसाठी तयार झाल्या, ते पेट्रोल आता पंपावर राहिलेले नाही. साधे पेट्रोल घ्यावे की महागडे 'प्रीमियम' घ्यावे, इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने इंजिन खराब होते का, अ‍ॅव्हरेज का घटले, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे बहुधा ऐकीव माहितीवर दिली जातात. प्रस्तुत लेखात पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या सेडान मोटारींपुरता या प्रश्नांचा विचार केला आहे. ऑक्टेन अंकाचा नेमका अर्थ स्पष्ट करणे, भारतीय पेट्रोलमध्ये झालेल्या बदलांचा जुन्या इंजिनावरील परिणाम तपासणे आणि सामान्य मालकाला पाळता येईल असा देखभालीचा क्रम सुचविणे, ही या लेखाची तीन उद्दिष्टे आहेत.

१. ऑक्टेन अंक : समज आणि गैरसमज

पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाची वाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि योग्य क्षणी प्लगच्या ठिणगीने पेटविले जाते. ज्योत ठिणगीपासून कडेकडे क्रमाने पसरत जावी अशी अपेक्षा असते. मात्र दाब व उष्णता वाढली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कडेचे मिश्रण आपोआप पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये गाडी ओढताना धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. मिस्त्री यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्या, त्याच्या रिंगा व हेड गॅस्केट यांची हानी होते.

या आपोआप पेटण्याला विरोध करण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक होय. त्याच्या मोजमापासाठी आयसोऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० हे मूल्य दिलेले आहे. एखादे पेट्रोल चाचणी-इंजिनात ९१ भाग आयसोऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाप्रमाणे वागले, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१ समजला जातो. भारतात पंपावर लिहिलेला अंक 'रिसर्च' पद्धतीचा असतो. अमेरिकेतील पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींच्या अंकांची सरासरी लिहितात. त्यामुळे तेथील ८७ हा अंक आपल्याकडील सुमारे ९१ च्या जवळचा असतो. परदेशी राहणाऱ्या मुलांनी पाठविलेला सल्ला येथे लागू करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

येथे एक मुद्दा ठळकपणे मांडणे आवश्यक आहे. ऑक्टेन अंक हे इंधनातील ऊर्जेचे माप नाही आणि शुद्धतेचे प्रमाणपत्रही नाही. याचा उत्तम पुरावा म्हणजे इथेनॉल. त्याचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजेच ऑक्टेन जास्त आणि ऊर्जा कमी, असे इंधन असू शकते.

इंजिनाला किती ऑक्टेन लागतो, हे मुख्यतः त्याच्या संपीडन-गुणोत्तरावर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते यावर, तसेच ठिणगीच्या वेळेवर अवलंबून असते. साध्या प्रतीच्या पेट्रोलसाठी आखलेल्या इंजिनाला १०० ऑक्टेनचे पेट्रोल दिल्याने त्याची शक्ती वाढत नाही. नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ज्या इंजिनात असते, त्याच इंजिनाला वरच्या प्रतीचा काहीसा लाभ घेता येतो. जुन्या साध्या सेडानमध्ये ही यंत्रणा बहुधा नसते.

२. पेट्रोलचा बदलता चेहरा

जुन्या मोटारीचा प्रश्न समजून घेण्यासाठी पेट्रोलचा गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉकिंग रोखण्याचा गुण शोधला. पुढील अनेक दशके जगभर शिसेयुक्त पेट्रोल वापरले गेले. शिशाचे मानवी आरोग्यावरील, विशेषतः बालकांच्या मेंदूवरील, दुष्परिणाम सिद्ध झाल्यावर ते क्रमाने बंद झाले. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि २००० साली ते देशभर लागू झाले. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला मिळणारे संरक्षण मात्र त्याबरोबर गेले. प्रीमियर पद्मिनीसारख्या त्याहून जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना म्हणूनच कठीण धातूच्या बैठका बसवून घेण्याचा सल्ला दिला जातो.

दुसरा बदल गंधकाचा. भारत स्टेज तीनच्या पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दर दशलक्ष भागांत १५० होती. ती चौथ्या टप्प्यात ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात १० झाली. हा बदल जुन्या मोटारीलाही हितकारकच आहे. गंधक कमी झाल्याने इंजिन ऑइल आम्लधर्मी होण्याचे प्रमाण घटते व धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अधिक काळ टिकतो.

तिसरा व सर्वाधिक चर्चिला गेलेला बदल इथेनॉलचा. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाने प्रारंभ झाला. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ मध्ये देशातील सरासरी मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. हे उद्दिष्ट आरंभी २०३० साठी ठरलेले होते. आपल्या राज्यातील ऊस उत्पादक व साखर कारखाने यांच्या अर्थकारणाशी या धोरणाचा थेट संबंध आहे. खनिज तेलाची आयात कमी करणे हाही त्याचा हेतू आहे. धोरणाची ही बाजू मान्य करूनही जुन्या मोटारीच्या मालकापुढील तांत्रिक प्रश्न शिल्लक राहतोच.

३. इथेनॉल आणि जुने इंजिन

हा परिणाम तीन प्रकारांनी तपासता येतो.

पहिला परिणाम इंधनखर्चाचा. साधारणपणे एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ आणि एक लिटर इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, असे धरल्यास २० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे २९.८ मेगाज्यूल ऊर्जा उरते. ही घट शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ७ टक्के आहे. १० टक्के मिश्रणाशी तुलना केल्यास ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या मार्गदर्शक आराखड्यातही, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिलेला आहे. अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आल्याची तक्रार कोणी केली, तर तिचे कारण इथेनॉलव्यतिरिक्त अन्यत्र शोधावे लागेल, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा परिणाम मिश्रणाच्या प्रमाणाचा. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतोच. ज्या मोटारीत ऑक्सिजन सेन्सरसह एमपीएफआय यंत्रणा आहे, ती इंधनाची मात्रा वाढवून बराचसा फरक भरून काढते. कार्बोरेटरला मात्र ही जाणीव नसते. त्यामुळे मिश्रण विरळ होते, सकाळी इंजिन लवकर पकडत नाही, गाडी मिसिंग करते आणि अधिक तापते. कार्बोरेटरच्या मोटारीत जेट व मिश्रणाचा स्क्रू जाणकाराकडून नव्याने जुळवून घेणे हाच त्यावरील उपाय आहे.

तिसरा परिणाम पदार्थांवरचा, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. इथेनॉल काही जातींच्या रबरात शिरून ते फुगवते. कालांतराने ते मऊ होते किंवा भेगाळते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलाव्यामुळे टाकीच्या पत्र्याला व जस्त वा अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना गंज चढू शकतो. ते उत्तम द्रावकही असल्याने टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला थर सुटून फिल्टरमध्ये अडकतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या मोटारींत २० टक्के मिश्रणाला टिकणारे भाग बसविण्याची व्यवस्था झाली. त्याआधीच्या सर्व मोटारींबाबत असे गृहीत धरता येत नाही. काही जुन्या वाहनांत रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधील निवेदनात मान्य केले आहे.

४. एक अनुभव

हे विवेचन केवळ पुस्तकी राहू नये म्हणून प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. लेखकाकडे २००४ सालची एक सेडान आहे. निवृत्त झालेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती विश्वासाने सोपविली होती. २०२४ च्या आरंभी घाट चढताना ती दम टाकू लागली. एका गॅरेजमध्ये 'शंभर ऑक्टेन टाका, सर, इंजिन मोकळे होईल,' असा सल्ला मिळाला. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने तो पडताळून न पाहता स्वीकारावा, हे खेदाने मान्य करावे लागते. जवळजवळ पाच महिने महाग पेट्रोल भरले. फरक काहीच पडला नाही. पण पैसे खर्च केल्यामुळे आपण गाडीची काळजी घेत आहोत, असे समाधान मात्र वाटत राहिले.

पावसाळ्यातील एका सकाळी शाळेत जाताना मागच्या आसनावरून मुलगी म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय." काचा बंद होत्या. गाडी तत्काळ बाजूला घेऊन बंद केली आणि दुसऱ्या मिस्त्रींना बोलाविले. मागील आसन उचलल्यावर टाकीतून निघणारी रबरी नळी फुगून भेगाळलेली व ओली दिसली. पंपाचा दाब तेथेच गळत होता आणि फिल्टर गाळाने भरलेला होता. चढावर इंजिनाला पुरेसे इंधनच पोहोचत नव्हते. नळ्या, क्लिपा आणि फिल्टर बदलल्यावर गाडी साध्या पेट्रोलवर घाट पूर्वीप्रमाणे चढू लागली.

त्या नळीचा ऱ्हास इथेनॉलने झाला की वीस वर्षांच्या वयाने, हे वेगळे करून सांगणे शक्य नाही. बहुधा दोहोंनी मिळून झाला असावा. परंतु यातून निघणारा निष्कर्ष निर्विवाद आहे. इंधनाची प्रत बदलून यांत्रिक दोष दुरुस्त होत नाही. उलट तो दोष तेवढा काळ झाकला जातो, आणि तो झाकलेला काळच धोक्याचा असतो.

५. इंधनाची निवड कशी करावी

मोटारीच्या मालक-पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किमान ऑक्टेन अंक दिलेला असतो. तो किमान अंक म्हणजे निवडीचा पहिला निकष होय. २००० नंतरच्या बहुसंख्य साध्या सेडान मोटारींना ९१ ऑक्टेन पुरेसा असतो. २० टक्के इथेनॉलमिश्रित साध्या पेट्रोलचा अंक सुमारे ९५ असल्याने ऑक्टेनच्या दृष्टीने या मोटारींची गरज साध्या पेट्रोलने भागते. पुस्तिकेत अधिक अंकाची मागणी असेल, तर मात्र ती पाळलीच पाहिजे.

साधे पेट्रोल भरूनही नॉकिंग होत असेल, तर प्रथम त्याची कारणे तपासावीत. जुन्या इंजिनात साचलेला कार्बन, चुकीची ठिणगीची वेळ, चुकीच्या उष्णतामानाचे प्लग, अडलेले रेडिएटर आणि विरळ मिश्रण ही नेहमीची कारणे आहेत. कारण सापडेपर्यंत वरच्या प्रतीचे पेट्रोल वापरणे हा तात्पुरता उपाय म्हणून समर्थनीय आहे, कायमचा नव्हे. तसेच ऑक्टेन जास्त म्हणजे इथेनॉल कमी, असा अर्थ काढू नये. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

खर्चाचे गणितही मांडून पाहावे. समजा, मोटार लिटरला १४ किलोमीटर चालते आणि महिन्याला ७०० किलोमीटर वापर आहे. म्हणजे ५० लिटर पेट्रोल लागते. वरच्या प्रतीचा दर लिटरमागे ५० रुपयांनी अधिक असेल, तर महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये जास्त जातात. एवढ्या रकमेचा काही भाग नळ्या, प्लग, फिल्टर, कूलंट व ब्रेक ऑइल यांवर खर्च केल्यास मोटारीचे हित कितीतरी अधिक साधते.

६. नियमित देखभालीचा क्रम

(अ) इंधन यंत्रणा : टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व रबरी नळ्या, क्लिपा व 'ओ' रिंगा वर्षातून किमान दोनदा तपासाव्यात. बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोइलास्टोमर जातीच्या नळ्या मागाव्यात आणि इंजेक्शनच्या मोटारीत उच्च दाबाचीच नळी वापरावी. अधिक इथेनॉलचे पेट्रोल वापरू लागल्यानंतर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा. पेट्रोलचा वास ही सूचना मानावी. वास आल्यास गाडी सुरू करू नये.

(आ) इंजिन ऑइल : पुस्तिकेत दिलेल्या श्यानतेचेच ऑइल घालावे. किलोमीटर कमी झाले तरी मुदत संपल्यावर ते बदलावे. कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि ऑइलमध्ये ओलावा व इंधन साचत राहते. घर ते महाविद्यालय एवढाच प्रवास करणाऱ्या मोटारींना हे विशेषत्वाने लागू आहे.

(इ) प्रज्वलन व हवा : प्लगमधील अंतर, वायरी व एअर फिल्टर यांची तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगला करून घ्यावी. काढलेले प्लग स्वतः पाहावेत. काजळी मिश्रण गडद असल्याचे, तर पांढरटपणा ते विरळ असल्याचे किंवा इंजिन तापत असल्याचे सुचवितो.

(ई) शीतकरण व टायमिंग बेल्ट : रेडिएटरमध्ये नळाचे पाणी घालण्याची सवय टाळावी, त्यातील क्षार आतील मार्ग अरुंद करतात. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असे समजून नवीन बसवावा. अनेक इंजिनांत तो तुटल्यास व्हॉल्व्ह दट्ट्यावर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

(उ) ब्रेक व टायर : ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंश एवढीच उरते. लांब घाट उतरताना ब्रेक अचानक नरम पडण्याचे हे एक कारण असते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. टायरच्या कडेवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. '३२१९' म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेले, भेगाळलेले टायर वापरू नयेत.

(ऊ) दीर्घ सुट्टी : उन्हाळी सुट्टीत मोटार अनेक आठवडे उभी राहते. टाकी अर्धी रिकामी ठेवल्यास आतील हवेतून ओलावा इंधनात येण्यास वाव मिळतो. पाणी फार झाले, तर इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर तयार होतो. शक्यतो टाकी बरीचशी भरून ठेवावी व आठवड्या-पंधरवड्यातून मोटार वीस-पंचवीस मिनिटे चालवावी.

(ए) नोंदवही आणि पीयूसी : टाकी पूर्ण भरून पुढील पूर्ण भरणीपर्यंतचे किलोमीटर व लिटर लिहिण्याची सवय ठेवावी. पाच-सहा भरणींच्या सरासरीतूनच अ‍ॅव्हरेजविषयी काही म्हणता येते. पीयूसी प्रमाणपत्रावरील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे आकडे वाचून तेही नोंदवावेत. मर्यादेच्या आत असूनही आकडे दर वेळी वाढत असतील, तर इंजिन आपली प्रकृती सांगत आहे असे समजावे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. ऑक्टेन अंक हा इंजिनाच्या गरजेशी जुळणारा असावा. गरजेहून अधिक अंकाने जुन्या सेडानला सहसा लाभ होत नाही. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेजमध्ये होणारी घट खरी आहे, परंतु ती मर्यादित आहे. त्याहून गंभीर परिणाम जुन्या रबरी व धातूच्या भागांवर होऊ शकतो आणि तो वेळीच केलेल्या तपासणीने टाळता येतो. सामान्य पंपावर इथेनॉलचे प्रमाण निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला फारसे नाही. देखभालीचे स्वातंत्र्य मात्र संपूर्णपणे त्याच्या हाती आहे.

वर्गात आपण विद्यार्थ्यांना निरीक्षण, नोंद व निष्कर्ष हा क्रम शिकवितो. स्वतःच्या मोटारीबाबत मात्र पंपावरचा किंवा गॅरेजमधला एखादा शब्द आपल्याला पुरेसा वाटतो. जी मोटार आपल्या कुटुंबाला रोज वाहून नेते, तिच्यासाठी एक छोटी नोंदवही आणि वर्षातून दोनदा बॉनेट व मागचे आसन उचलून पाहण्याचे कष्ट एवढे देणे आपण निश्चितच लागतो.